जाहिराती दुप्पट केल्या, पैसे मात्र कमी झाले

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नेरूळला राहतो, वय ६१, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. बाल्कनीतल्या बागेवर माझी मराठी वेबसाइट आहे. कढीपत्ता, मोगरा, टोमॅटो, किचनच्या कचऱ्याचं खत, जे काही लिहितो ते स्वतः करून बघून लिहितो. एकशे वीसेक लेख झालेत. महिन्याला साधारण ४० हजार पेजव्ह्यूज येतात पण गूगलच्या जाहिरात सेवेचे म्हणजे अ‍ॅडसेन्सचे मिळतात फक्त १४-१५ डॉलर, आणि १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही, म्हणजे वर्षाला कसंबसं एक पेमेंट हातात पडतं. मे महिन्यात मुलाने गूगल आपोआप लावतं त्या ऑटो अ‍ॅड्स फुल वाढवून ठेवल्या, जाहिराती दुप्पट झाल्या, आणि कमाई उलट दीड-दोन डॉलरने उतरली. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये २२ जण आहेत, ते म्हणतात आम्ही रोज एकेक क्लिक मारतो, तुमचं काम होऊन जाईल. मारू देत का? आणि मराठीत लिहून यात खरंच पैसे आहेत की मी आता इंग्रजीत सुरू करू?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : काका, पहिल्यांदा त्या २२ जणांना आजच्या आज थांबवा. हात जोडून सांगते. ओळखीच्या लोकांनी मुद्दाम मारलेले क्लिक गूगलला कळतात, रोज सकाळी तेच फोन, तीच साइट, जाहिरात उघडायची आणि दोन सेकंदात बंद करायची, हे लपत नाही. आधी ते पैसे कमाईतून वजा होतात आणि पुढे अकाउंट बंद होऊ शकतं. एका माणसाला एकच अ‍ॅडसेन्स अकाउंट ठेवता येतं, त्यामुळे ते गेलं की नवीन काढून पुन्हा सुरू करू असा मार्गही राहत नाही. एवढी मेहनत १५ डॉलरचे २० डॉलर करायच्या नादात घालवू नका. लोक मदत म्हणूनच करतायत हे मला कळतं, त्यांना म्हणावं मदत करायचीच तर लेख वाचा आणि आवडला तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

आता खरं दुखणं कुठे आहे ते. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ठाण्याहून पनवेल गाडीत बसले होते, तुमची साइट फोनवर उघडली, लेख निवडला कढीपत्त्याला नवी पालवी का येत नाही हा, कारण माझ्या वर्तकनगरच्या बाल्कनीतला कढीपत्ता पण तसाच रुसून बसलाय. ऐरोलीला पान उघडायला घेतलं. वर शीर्षक दिसलं आणि मी वाचायला लागणार तेवढ्यात एक मोठी जाहिरात उघडली आणि शीर्षक खाली सरकून गायब. वर ढकललं, पहिला परिच्छेद सापडला, दोन ओळी वाचल्या तर मध्येच अजून एक जाहिरात भरली आणि वाचत होते ती ओळ कुठल्या कुठे गेली. खाली एक चिकटलेली पट्टी होतीच. फोटोवर बोट ठेवायला गेले तर बोट जाहिरातीवर पडलं आणि कुठल्यातरी लोनच्या पानावर पोचले, तिथून परत यायला रबाळे गेलं. शेंडे खुडायचे, मुळं कुंडीत गच्च झाली असतील तर मोठी कुंडी द्यायची, हे जे तुमचं नेमकं उत्तर आहे ना काका, ते सातव्या जाहिरातीच्या खाली होतं. तोपर्यंत घणसोली आलं. मला तुम्हाला उत्तर लिहायचं होतं म्हणून मी थांबले, दुसरं कुणी असतं तर रबाळ्याच्या आधीच बंद करून गेलं असतं.

तिथेच तुमचे पैसे जातायत. हे कसं चालतं ते थोडं समजून घ्या. प्रत्येक वेळी कुणी तुमचं पान उघडतं तेव्हा तिथल्या प्रत्येक जाहिरातीच्या जागेचा एक छोटा लिलाव होतो, जो जाहिरातदार जास्त बोली लावतो त्याची जाहिरात दिसते. बोली लावणारा बघतो की या जागेवरची जाहिरात माणसाला खरंच दिसते का. मोजायची ठरलेली पद्धत अशी आहे की जाहिरातीचा निम्मा भाग किमान एक सेकंद स्क्रीनवर दिसला तरच ती दिसली असं धरतात. मुलाने वाढवलेल्या जाहिरातींपैकी निम्म्या तळाशी आहेत, तिथपर्यंत कुणी पोचतच नाही, म्हणजे न दिसणाऱ्या जागांची गर्दी झाली आणि तुमच्या साइटचा सरासरी भाव पडला. त्यातून वैतागून लोक पहिल्याच पानावरून परत गेले, दुसरा लेख उघडलाच नाही. म्हणून जाहिराती वाढल्या आणि पैसे उतरले.

अजून एक, ज्याची खूप जणांना कल्पना नाही. पूर्वी अ‍ॅडसेन्समध्ये मुख्यतः क्लिकचे पैसे मिळायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं आणि २०२४ च्या सुरुवातीपासून पैसे जाहिरात दिसण्यावर, म्हणजे इंप्रेशनवर मिळतात. तेव्हापासून हिशोबही बदलला. जाहिरातदाराकडच्या प्लॅटफॉर्मची फी कापून जे उरतं त्याचे ८० टक्के आपल्याला, आधी एकूणातले ६८ टक्के मिळायचे, हातात पडणारा आकडा गूगलच्या म्हणण्याप्रमाणे साधारण तेवढाच राहतो. पण आपल्यासाठी याचा अर्थ असा की क्लिक ओढायच्या युक्त्या, बटणाला चिकटून जाहिरात लावायची, फोटोसारखी दिसेल अशी लावायची, यातून आता काहीच साधत नाही, आणि चुकून क्लिक फार होतायत असं दिसलं तर गूगल त्या जाहिरातीवर आणखी एक क्लिक मागायला लागतं, ते वेगळंच.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. २०१६ मध्ये माझी स्वतःची एक साइट होती, ठाण्याच्या आजूबाजूला एका दिवसात फिरायच्या जागा, येऊर, घोडबंदर किल्ला वगैरे. एका जाहिरात कंपनीचा माणूस आला, तिप्पट पैसे देतो म्हणाला, मी कोड लावला. पहिल्या महिन्यात खरंच जास्त पैसे आले. पान उघडलं की मागे दुसरी खिडकी उघडायची, आवाजासकट व्हिडिओ सुरू व्हायचे. तिसऱ्या महिन्यापर्यंत रोज परत येणारे माझे वाचक निम्मे झाले, एका बाईंनी मेल केला की मुलांना पाऊस दाखवायला कुठे न्यायचं ते बघत होते आणि स्क्रीनवर नको ते चित्र आलं. शेवटचं पेमेंट त्या कंपनीने दिलंच नाही. कोड काढला, पण ते वाचक परत आले नाहीत. त्या बाईंचा मेल मला अजून आठवतो. म्हणून तुम्हाला तिप्पट-चौपटवाले फोन आले तर दोन मिनिटं पण देऊ नका.

तर आता करायचं काय. मुलाला सांगा ऑटो अ‍ॅड्सचा जोर कमी कर, लेखाच्या आत येणाऱ्या जाहिरातींची संख्या खाली आण आणि दोन जाहिरातींमधलं अंतर वाढव, सेटिंगमध्ये दोन्ही गोष्टी हाताने ठरवता येतात. बेटर अ‍ॅड्स म्हणून जे नियम आहेत त्यात मोबाइलवर लेखाच्या उंचीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा जाहिरातीने घेऊ नये असं आहे, आणि जी साइट हे नियम सारखी मोडते तिथल्या जाहिराती क्रोम ब्राउझर जुलै २०१९ पासून जगभर सरळ गाळून टाकतो. तुमच्या साइटला मी तीन जागा देईन. पहिली, पहिल्या परिच्छेदानंतर, शीर्षकाच्या वर अजिबात नाही. दुसरी, जिथे तुम्ही मुख्य उत्तर देता त्याच्या जरा खाली, कारण तिथे माणूस थांबतो, परत वाचतो, बायकोला दाखवतो. तिसरी लेख संपल्यावर. खालची चिकटणारी पट्टी राहू दे, ती सतत दिसते त्यामुळे तिला भाव बरा मिळतो आणि वाचकाला एका टॅपने खाली करता येते. बाकीच्या काढा.

आणि जागा आधीपासून राखून ठेवा. जाहिरात येणार त्या चौकटीला कमीत कमी उंची देऊन ठेवली, ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर २५० पिक्सेल, की मजकूर उड्या मारत नाही. रिकामी राहिली तर पांढरी जागा दिसेल, दिसू दे.

फोटो! काका तुमचे फोटो फार सुंदर आहेत, त्या मोगऱ्याच्या कळीवरचं पाणी मी झूम करून बघितलं, पण एकेक फोटो फोनमधून काढलाय तसाच चार-पाच एमबीचा चढवलाय. गाडीत, तळमजल्यावर, गावाकडे, नेट कमी असलं की पान उघडतच नाही, आणि पान उघडायच्या आधी माणूस गेला तर जाहिरात दिसलीच नाही. फोटो १२०० पिक्सेल रुंद करा, वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, दीडशे केबीच्या आत आरामात बसतो आणि पाण्याचा थेंब तेवढाच छान दिसतो. गूगलचं चांगल्या पानाचं माप आहे की मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. १२० लेखांचे फोटो बदलायला एक महिना जाईल. आधी सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या १५ लेखांचे करा, बहुतेक साइट्सवर निम्म्याहून जास्त वाचक मूठभर लेखांवरच येतात, तुमच्याकडे पण तसंच दिसेल.

दोन बारीक गोष्टी, पटकन सांगते. अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल साइटवर आहे का बघा, अ‍ॅडसेन्स वर लाल पट्टीत इशारा देत असेल तर ती नाहीये किंवा चुकलीये, त्यांनी दिलेली एक ओळ जशीच्या तशी चिकटवायची, एवढंच काम. दुसरी, तुमचे थोडे वाचक लंडन, जर्मनीकडचे असणारच, आपली मुलं तिकडे आहेत आणि त्यांनाही बाल्कनीत कढीपत्ता हवा असतो. युरोपातल्या वाचकांसाठी संमतीची खिडकी, म्हणजे तुमची माहिती जाहिरातींसाठी वापरू का असं विचारणारी, दाखवणं जानेवारी २०२४ पासून सक्तीचं आहे, अ‍ॅडसेन्समध्येच प्रायव्हसी अँड मेसेजिंग म्हणून भाग आहे तिथून फुकट सुरू होते. नसेल तर त्या वाचकांना नीट जाहिराती दिसत नाहीत, आणि भाव तर त्यांचा आपल्याकडच्या वाचकांपेक्षा जास्त असतो.

मराठी की इंग्रजी. खरं सांगायचं तर मराठी पानाला इंग्रजी पानाएवढा भाव मिळत नाही, मराठी वाचकासाठी बोली लावणारे जाहिरातदार कमी आणि वाचक बहुतेक भारतातला. हजार पानांमागे किती मिळतात त्याला आरपीएम म्हणतात, तुमचा आहे ३६ सेंट. पण तुम्ही इंग्रजीत लिहायला लागलात तर तुमची स्पर्धा अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या मोठमोठ्या बागकाम साइट्सशी, आणि जून ते सप्टेंबर नेरूळच्या बाल्कनीत कुंडीला बुरशी का धरते हे ज्ञान तिकडे कुणाला हवंय. इथे मात्र ते कुणाकडेच नाही. मराठी सोडू नका. भाव वाढवायचा दुसरा रस्ता आहे.

जीए४ म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्स, साइटवर कोण कुठून येतं ते मोजणारं साधन, त्याला अ‍ॅडसेन्स जोडता येतं, जोडलं की कुठल्या पानाने किती कमावलं ते समोर दिसतं. मला खात्री आहे तुमचा मोगऱ्याच्या आठवणींचा लेख भरपूर वाचला जातो आणि जवळपास काहीच देत नाही, आणि कोकोपीटची ५ किलोची वीट कशी भिजवायची हा लेख कमी वाचला जाऊनही त्याच्या वर असेल. कारण तो वाचणारा माणूस काहीतरी विकत घ्यायला निघालाय आणि विकणाऱ्याला तो हवाय. जाहिरात वाचकाच्या आवडीनुसारही बदलते त्यामुळे सगळं आपल्या हातात नाही, पण विषय आपल्या हातात आहे. तर खरेदीच्या आधी लोकांना जे प्रश्न पडतात त्यावर लिहा. प्लास्टिकची कुंडी की ग्रो बॅग, दहा दिवस गावाला जाताना ठिबकचा छोटा सेट चालतो का, पश्चिमेच्या बाल्कनीला शेडनेट किती टक्क्यांचं, खताची बादली सोसायटीत वास न येता कुठली चालते. तुम्ही वापरलेल्या वस्तूंवरच लिहा, न वापरलेल्याबद्दल एक ओळ पण नको. आठवणींचे लेख बंद करू नका हं, वाचक तुमच्यावर जीव लावतात ते त्यामुळेच, आणि पुढच्या गोष्टीसाठी तो जीवच कामाला येणार आहे.

पुढची गोष्ट म्हणजे थेट जाहिरात, आणि तुमच्यासाठी माझा सगळा भर यावरच आहे. १४-१५ डॉलर म्हणजे बाराशे-तेराशे रुपये. तुमच्या आसपासची एखादी नर्सरी पावसाळ्यात तीन महिने एका ठरलेल्या जागेसाठी महिन्याला दीड हजार रुपये आरामात देऊ शकते, म्हणजे एकच जाहिरातदार तुमच्या अख्ख्या अ‍ॅडसेन्सपेक्षा जास्त देतो. त्याला महाराष्ट्रभरचे ४० हजार नकोयत, त्याला पाम बीच रोडच्या आजूबाजूचे दोन हजार लोक हवेत जे येत्या रविवारी रोप घ्यायला बाहेर पडणार आहेत.

हे विकायचं कसं तर कागद घेऊन जा. जीए४ मध्ये शहरांप्रमाणे वाचक दिसतात, नवी मुंबई, ठाणे, मुंबई, पनवेल, हा एक आकडा. गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधून तुमच्याकडे आले ते दिसतं, त्यातले दहा शोध, ते जसे टाइप केलेत तसेच. दोन्हीची एका पानावर प्रिंट काढा आणि एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला जा, पाऊस पडायला लागल्यावर नर्सरीवाल्याला बोलायला वेळ नसतो. रविवारी तर नकोच, मंगळवार-बुधवार दुपारी. माझ्या ओळखीच्या एक ताई खारघरला पोळीभाजीच्या डब्यांवर लिहितात, त्यांनी असाच कागद एका भांड्यांच्या दुकानात नेला. दुकानदार काउंटरवर चष्मा लावून ते शोध मोठ्याने वाचायला लागला, डबा गळत नाही असा, स्टीलचा तीन पुडाचा, आणि सातव्या ओळीला म्हणाला हे तर रोज माझ्याकडे येऊन विचारतात. तिथेच तीन महिन्यांचे पैसे यूपीआयने दिले.

किती गिऱ्हाइक येईल याचा शब्द देऊ नका. जाहिरातीत एक छोटा कोड द्या, हा सांगितला तर दहा टक्के सूट, मग महिन्याच्या शेवटी दुकानदार स्वतःच मोजतो. पैसे आधी, पावती द्यायची, आणि जाहिरातीवर स्पष्ट जाहिरात हा शब्द लिहायचा. जाहिरातदारांच्या एएससीआय संस्थेचे २०२१ पासून नियम आहेत की पैसे घेऊन केलेलं कौतुक लपवायचं नाही, आणि नियम नसता तरी लिहिलंच पाहिजे, लोक तुमच्या शब्दावर रोपं घेतात. लिंकला स्पॉन्सर्ड हा टॅग लावायला मुलाला सांगा, गूगलला तो लागतो. अ‍ॅडसेन्सच्या शेजारी स्वतःची जाहिरात लावायला बंदी नाही, फक्त ती अ‍ॅडसेन्सच्या जाहिरातीसारखी दिसायला नको.

एका वेळी एकच बदल करा आणि निदान दोन आठवडे थांबा. दिवाळीच्या आधी भाव चढतात आणि जानेवारीत पडतात, तेव्हा ऑक्टोबरची तुलना जानेवारीशी करून घाबरू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

प्रश्न : मी कळव्याला राहते, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, साइटवर स्पर्धा परीक्षांच्या नोट्स टाकते. अ‍ॅडसेन्सचे १० डॉलर झाले तेव्हा पत्त्याच्या पडताळणीचा पिन पोस्टाने येणार होता, दीड महिना झाला आला नाही. जाहिराती बंद होतील का?

उत्तर : लगेच नाही होणार. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांची मुदत असते, तोपर्यंत घातला नाही तर मग जाहिराती थांबतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत पत्र येतं, आणि तीन आठवडे झाले की नवीन मागवता येतं, तर आजच मागव. पण त्याआधी पत्ता बघ गं. बऱ्याच जणी चाळीचं किंवा बिल्डिंगचं नाव टाकतात आणि विंग, खोली नंबर विसरतात, पिनकोड जुना राहतो. नाव बँकेत आहे तसंच हवं. पत्र साधं असतं, रजिस्टर नसतं, सही घेत नाहीत, बिलासारखी दुमडलेली पांढरी चिठ्ठी, घरात कुणीतरी रद्दीत टाकते. वॉचमन काकांना आणि तुमच्या भागातल्या पोस्टमन काकांना आधी सांगून ठेव, ते बरोबर हातात आणून देतात. परत मागवूनही नाहीच आलं तर ओळखपत्र अपलोड करून पडताळणी करता येते, आधार-पॅनवरचं नाव आणि अ‍ॅडसेन्सवरचं नाव एकच असू दे.

आणि नोट्स तुझ्या स्वतःच्या हातच्या ठेव, क्लासच्या पीडीएफ चढवू नकोस, त्यावर कॉपीराइटची तक्रार आली की त्या पानाच्या जाहिराती जातात.

प्रश्न : अ‍ॅडसेन्स आणि दोन दुकानांच्या जाहिराती मिळून वर्षाला लाखभर होतात. जीएसटी काढावा लागेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, तुमची त्याच्या जवळपासही नाही. पण दोन्हीकडची रक्कम एकत्र धरायची हे लक्षात ठेवा, अ‍ॅडसेन्सचे परदेशातून येतात म्हणून ते वेगळे असं नाही. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये मात्र हे सगळं दाखवायचं, कर लागो न लागो. होस्टिंग, डोमेन, नेटचं बिल, कॅमेऱ्याची दुरुस्ती, सगळ्याच्या पावत्या एका फोल्डरमध्ये टाकत जा, खर्च म्हणून वजा होतात. अ‍ॅडसेन्सचं पेमेंट महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतं, बँक कधीकधी विचारते कसले पैसे आहेत, तेव्हा जाहिरातीचं उत्पन्न असं सांगायचं, आणि बँकेकडून मिळणारा परदेशी रकमेचा दाखला मागून ठेवायचा. जुलैमध्ये सीएकडे जाताना तो सोबत असला की त्यांना पुन्हा विचारावं लागत नाही.